जामसाहेबांची खरी गोष्ट पुरे आहे, तिला बोट जोडू नका

भाची सातवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने एक फॉरवर्ड जसाच्या तसा वहीत उतरवून पाठ केलाय: हिटलरने पोलंडवर हल्ला केला, पोलिश सैनिकांनी ५०० बायका आणि २०० मुलं बोटीत बसवली, जगाने दारं लावली, इंग्रजांनीही हाकललं, मग जामनगरच्या राजाने, म्हणजे जामसाहेबांनी, आसरा दिला. ऐकताना माझा संताप झाला, कारण या मुलांवर खरं काय गुदरलं तेच त्यात नाही.

जामनगरजवळच्या बालाचडीला जामसाहेबांच्या छावणीत राहिलेली मुलं हिटलरपासून पळून बोटीत बसलीच नव्हती. १७ सप्टेंबर १९३९ ला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि १९४० पासून तिथली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात नेली. भूक आणि तापाने अनेकांचे आईबाप गेले. जुलै १९४१ च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर सुटका झाली, तेव्हा पहिली मुलं तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबातहून ट्रकने इराणातल्या मशहद आणि पुढे क्वेट्टामार्गे आली. बालाचडीची छावणी उभी होईपर्यंत काही महिने मुंबईत वांद्र्याला राहिली. 'हिटलर आणि बोट' म्हटलं की सायबेरियाच पुसला जातो. तिथे मेलेल्यांचं काय?

हो, कोल्हापूरशेजारच्या वळिवडे छावणीत आलेले बरेच जण इराणहून बोटीने कराचीला उतरले, एवढं मान्य. पण फॉरवर्डमध्ये वळिवडे आहे कुठे? तिथे १९४३ ते ४८ सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका-मुलं. मराठीत फिरणाऱ्या मजकुरात त्यांना एक ओळ मिळू नये?

इंग्रजांनी हाकललं, हेही खोटं. जामसाहेब १९४२ मध्ये ब्रिटिशांच्या युद्ध मंत्रिमंडळात भारताचे एक प्रतिनिधी होते. छावणी सरकारच्या संमतीने उभी राहिली.

'पोलंडचे खासदार आजही त्यांच्या नावाने शपथ घेतात' हे तर कुणी तपासूनही पाहिलं नाही. पोलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेत कलम १०४ मध्ये ती शपथ शब्दशः छापलेली आहे: राष्ट्राप्रती कर्तव्य, देशाचं सार्वभौमत्व आणि हित, नागरिकांचं भलं, घटना आणि कायद्यांचं पालन. शेवटी हवं तर देवाचं नाव. कुठल्याही राजाचं नाव नाही.

मुलं बालाचडीच्या सैनिक शाळेत शिकली म्हणे. ती शाळा १९६१ ची, मुलं १९४६ लाच तिथून गेली. त्यांच्यातला एक पोलंडचा पंतप्रधान झाला, असंही सांगतात; तसा कुणी झाला नाही.

वॉर्सातला 'भल्या महाराजांचा चौक' मात्र खरा आहे, जामसाहेबांच्या नावाची शाळाही खरी. मुलं त्यांना 'बापू' म्हणायची, तेही खरं.

स्पर्धा शनिवारी आहे. बोटीचं पान काढून टाकलं, आता ट्रकपासून लिहायला बसलोय.