पॅरापोनेरा पोनेरिनीत का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पॅरापोनेराला पोनेरिनीऐवजी पॅरापोनेरिनी या वेगळ्या उपकुळात ठेवणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही तसेच देतो. तुमचे आक्षेप तीन. पॅरापोनेरा क्लॅव्हाटा, म्हणजे बुलेट अँट, हिची कंबर एका गाठीची आहे, नांगी आहे, जुन्या पुस्तकांत ती पोनेरिनी उपकुळातच आहे. मग एका जातीसाठी वेगळे उपकुळ म्हणजे नुसता कीस काढणे. दुसरा, कंबरेमागच्या पहिल्याच खंडाला मी उदराचा तिसरा खंड म्हटले, ते चूक. तिसरा, अमेझॉनच्या जंगलात तीन सेंटिमीटरची काळी मुंगी दिसली की ती बुलेट अँटच, लांबीवरून कळते.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच उभे आहे. डोके, वक्ष आणि उदर ही कीटकांची विभागणी बरोबरच आहे. पण मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यात उदराचा पहिला खंड वक्षाला कायमचा चिकटलेला असतो. त्याला प्रोपोडियम म्हणतात. पडताळून पाहायचे असेल तर मुंगी कुशीवर ठेवा आणि मागच्या पायाच्या मुळाच्या वर बघा. तिथे एक ठळक श्वासरंध्र दिसेल. ते वक्षाचे नाही, उदराच्या पहिल्या खंडाचे. आता मोजा: प्रोपोडियम एक, कंबरेची गाठ म्हणजे पेटिओल दोन, आणि मागच्या फुगीर भागाचा, गॅस्टरचा, पहिला खंड तीन. पॅरापोनेरात तिसऱ्या आणि चौथ्या खंडांमध्ये आवळल्यासारखी खाच असते. हे दोन खंड एकमेकांवर घासूनच ही मुंगी डिवचल्यावर चिरचिरते.

अशी मोजणी केली नाही तर तुलनाच चुकते. मिर्मिसिनी उपकुळातल्या मुंग्यांच्या कंबरेला दोन गाठी असतात. त्यातली दुसरी गाठ म्हणजे हाच तिसरा खंड, फक्त आक्रसलेला. गॅस्टरपासून मोजायला लागलात तर एका मुंगीचा तिसरा खंड दुसरीच्या चौथ्याशी ताडून बसाल.

आता मुख्य मुद्दा. एका गाठीची कंबर आणि नांगी यांवरून नाते ठरत नाही, कारण ही दोन्ही लक्षणे फार जुनी आहेत. नांगी तर मुंग्यांनी गांधीलमाशीसारख्या पूर्वजांकडूनच घेतली. ती अंडी घालण्याच्या अवयवापासून बनलेली आहे, म्हणून नराला नसते. काही शाखांनी ती गमावली, काहींनी राखली. राखणाऱ्या सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी ठरत नाहीत.

जुनी पोनेरिनी नेमकी अशी, 'जुने टिकवणाऱ्या' मुंग्यांची मोट होती. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये बुलेट अँटचे वर्णन केले तेव्हा तिचे नाव फॉर्मिका क्लॅव्हाटा होते. त्या काळी जवळपास सगळ्याच मुंग्या फॉर्मिकात जात. कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्मिथने 1858 मध्ये पॅरापोनेरा हा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, केला. मुंग्यांचे वर्गीकरण करणाऱ्या बॅरी बोल्टनने 2003 मध्ये पोनेरिनीची मोट सोडून तिची सहा उपकुळे केली, त्यातले पॅरापोनेरिनी एक. त्यानंतर 2006 पासून डीएनएवर आधारित वंशवृक्ष आले आणि त्यांनी एक्टाटोमा या जीनसला तर पार पलीकडे नेऊन ठेवले. एका गाठीची कंबर आणि नांगी असूनही एक्टाटोमा ही पोनेरापेक्षा, म्हणजे पोनेरिनीला नाव देणाऱ्या जीनसपेक्षा, दोन गाठींच्या मिर्मिसिनींना जवळची आहे. तुमची कसोटी लावली तर ती चुकीच्याच घरात जाते.

एका जातीचे उपकुळ विचित्र वाटते, हे खरे. पण जिवंत जात एकच असली तरी डॉमिनिकन अंबरमध्ये, म्हणजे झाडांच्या गोठलेल्या प्राचीन राळेत, याच जीनसची दुसरी जात, पॅरापोनेरा डिएटेरी, जीवाश्मरूपात सापडली आहे.

लांबीबद्दल बोलायचे तर ती सर्वांत फसवे माप आहे. गॅस्टरचे खंड दुर्बिणीच्या नळ्यांसारखे आत-बाहेर सरकतात. अल्कोहोलमध्ये ते ताणले जातात, सुकल्यावर आत ओढले जातात, आणि तीच मुंगी काही मिलिमीटरने लहान-मोठी भरते. म्हणून मुंगी बाजूने धरून वक्षाच्या पुढच्या उतारापासून मागच्या-खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरके माप घ्यावे. याला वेबर लांबी म्हणतात. हा भाग कडक असल्याने माप हलत नाही.

तुम्ही म्हणता ती काळी मुंगी डायनोपोनेरा या दुसऱ्या जीनसचीही असू शकते, आणि ती मात्र खरोखरच पोनेरिनीतली आहे. फरक बघायला 10 पट भिंग पुरते. पॅरापोनेराच्या डोक्यावर मिशी बसवायची एक खोल खाच असते आणि ती डोळ्याच्या वरून वळून मागे जाते. डायनोपोनेराला अशी खाच नाही. उलट तिच्या तोंडावरच्या पट्टीच्या, क्लिपियसच्या, पुढच्या कडेला दोन दात पुढे आलेले दिसतात. पॅरापोनेराच्या वक्षावर पुढे दोन शंकूसारखे उंचवटे असतात, पण त्यांवर एकट्यावर विसंबू नका, कारण एक्टाटोमा ट्युबरक्युलेटमलाही तिथे उंचवटे असतात. तिला मिशीची खाच नसते आणि ती बरीच लहान असते. रंगाला तर मी सर्वांत शेवटी विचारतो.

नमुना सुकताना मिशा डोक्याला चिकटून खाचेतच बसल्या, तर खाच दिसत नाही आणि लोक 'नाही' म्हणून मोकळे होतात. अशा वेळी मिशी ओढू नका, तुटते. झाकणबंद डब्यात ओला कापूस आणि बुरशी लागू नये म्हणून किंचित थायमॉल ठेवून नमुना 24 तास आत ठेवा. तो कापसाला टेकू देऊ नका. सांधे सैल झाले की बारीक सुईने मिशी बाजूला करा. उजेड थेट न टाकता ट्रेसिंग पेपरमधून टाका, नाहीतर चकाकीत खाचेची कडा हरवते.

तुमच्याकडच्या मुंगीचे फोटो पाठवणार असाल तर डोके अगदी समोरून आणि पूर्ण शरीर कुशीवरून, असे दोन हवेत. वरून काढलेल्या एकाच फोटोवरून खाच आणि क्लिपियस दोन्ही ठरवता येत नाहीत.