बिडाच्या डिस्कला खोबरेल

गाडी धुवून मी चहासाठी वर गेलो आणि तासाभराने खाली आलो, तेव्हा आमच्या सोसायटीचे सचिव नाना माझ्या पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले होते. ब्रेकच्या ओल्या डिस्कवर तोवर नारिंगी गंज चढला होता. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत त्याला तेवढा वेळ पुरतो.

"अहो, गाडी सडली की तुमची," असे नानांनी वरच्या मजल्यांनाही कळेल अशा आवाजात जाहीर केले. नानांकडे स्वतःची गाडी नाही. त्यामुळे इतरांच्या गाड्यांकडे लक्ष द्यायला त्यांना भरपूर सवड असते.

मी त्यांना शांतपणे समजावले. डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते, कारण बीड स्वस्त असते आणि ब्रेकची उष्णता चांगली सोसते. पॅड तिच्यावरच घासायचे असल्यामुळे त्या पृष्ठभागावर रंग टिकत नाही. हा गंज वरवरचा असून गाडी चालवताना काही वेळा ब्रेक दाबला की निघून जातो. म्हणूनच गाडी धुतल्यावर एक फेरी मारून, हलके ब्रेक लावत डिस्क तापवून कोरडी करावी, आणि ओली गाडी हँडब्रेक ओढून दिवसेंदिवस उभी करू नये, नाहीतर मागचे ब्रेक चिकटून बसतात.

"मग त्या मोटारसायकलची डिस्क कशी चकचकीत आहे?" नानांनी विचारले.

"ती स्टेनलेस स्टीलची आहे."

"म्हणजे तुम्हाला हलका माल दिला! अहो, दिल्लीचा लोहस्तंभ 1600 वर्षे उघड्यावर उभा आहे."

त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्यामुळे त्यावर संरक्षक थर तयार झाला आहे, हे मी सांगितले. त्या स्तंभाला आजवर कधी भाट्याच्या पुलाअलीकडे रिक्षा आडवी आल्यामुळे थांबावे लागलेले नाही, हेही सांगितले. नानांनी त्यातले काहीच ऐकले नाही. त्यांच्या डोक्यात 'बीड' हा एकच शब्द राहिला होता.

फेरी मारण्यासाठी किल्ली आणायला मी वर गेलो, तेवढ्यात एक फोन आला. परत आलो तेव्हा डिस्क आरशासारखी चमकत होती आणि पार्किंगमध्ये न्हाव्याच्या दुकानासारखा दरवळ सुटला होता. नाना फडक्याला हात पुसत म्हणाले, "बिडाचा तवा धुतल्यावर तेल लावून ठेवतात, एवढे घरातल्या कोणालाही विचारले असते तरी कळले असते. घाण्याचे आहे बरं का, दुकानातले नव्हे." उजवे चाक भिंतीला लागून असल्यामुळे तेवढे वाचले.

डिस्कच्या बिजागऱ्या करण्याची ही हौस लोकांना कुठून येते, हे मला कळत नाही. दाराच्या बिजागऱ्यांना वंगण जरूर लावावे, दाराच्या खालच्या कडेची पाणी निचरायची भोके मोकळी ठेवावीत, कारण खरा गंज तिथे आतून पत्रा खातो. पण ज्या भागाचे सारे काम घर्षणावर चालते, त्यालाच गुळगुळीत करायचे? आणि धोका बोलून दाखवला, तर कृतघ्न आपण ठरायचे!

गाडी जागची न हलवता मेकॅनिकला बोलावले. त्याने ब्रेक क्लीनरने डिस्क पुसली, पण ओघळ पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरमध्ये उतरून पॅडने तेल पिऊन घेतले होते, आणि पॅड जोडीने बदलावे लागतात. म्हणजे नानांनी तेल एका चाकाला लावले आणि पैसे मी दोन चाकांचे मोजले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे आली, त्याखाली नानांना हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मी बिलाचे छायाचित्र टाकले, तेव्हा सचिव या नात्याने त्यांचे उत्तर आले: "वैयक्तिक वाहनाच्या दुरुस्तीचा खर्च संस्था देत नाही. तसेच पार्किंगमध्ये सांडलेले तेल संबंधित वाहनमालकाने उद्यापर्यंत पुसून घ्यावे."