२७ डॉलरचा रबरी बटाटा

न्योकीत, म्हणजे इटलीतल्या त्या उकडलेल्या छोट्या गोळ्यांत, असतं काय? उकडलेला बटाटा, थोडा मैदा, मीठ आणि वाटलंच तर एखादं अंडं. बास. एवढ्या चार वस्तूंची पार माती करायची, ती माती क्रीममध्ये बुडवायची आणि वर २७ डॉलर लावायचे, ही हिंमत अमेरिकेतल्या इटालियन रेस्टॉरंटांना होते कुठून, ते मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. सत्तावीस! इथे दुकानात रसेट बटाट्याची पाच पौंडांची पिशवी चार-पाच डॉलरला मिळते हो. त्यात दहा जणांची पंगत उठेल.

बरं, माल मिळत नाही म्हणावं तर तेही नाही. पिझ्झा बिघडला की ही मंडळी सांगतात, इथलं पाणी वेगळं. टोमॅटो आंबट लागला की सांगतात, व्हेसुव्हियस ज्वालामुखीची माती इथे कुठून आणणार. ठीक आहे, घेतलं ऐकून. पण न्योकीला लागतो जुना, कोरडा, पिठूळ बटाटा आणि आयडाहोचा रसेट अगदी तसलाच असतो. मुळात बटाटा गेलाय इकडून तिकडे. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो दक्षिण अमेरिकेतून युरोपात नेला. त्याआधी इटलीत न्योकी व्हायची ती पिठाची, नाहीतर ब्रेडच्या चुऱ्याची. रोममध्ये रव्याची अजूनही होते. म्हणजे ज्या पदार्थाचा जीवच अटलांटिकच्या या बाजूचा, तो नेमका याच बाजूला धड मिळू नये?

कृतीत काही गौडबंगाल नाही. बटाटे सालासकट उकडायचे, म्हणजे ते पाणी पीत नाहीत. हाताला चटके बसत असतानाच सोलायचे आणि गरमच बारीक भोकांतून दाबून काढायचे. माझं तर पुरणयंत्रावर भागतं. मग ओट्यावर पसरून वाफ जाऊ द्यायची. किलोभर बटाट्याला मैदा पाव किलो, फार तर ३०० ग्रॅम, आणि तोही गोळा जमेपर्यंतच. तिंबत बसायचं नाही. बटाटा ओला राहिला की मैदा जास्त लागतो, मैदा वाढला की मळणं वाढतं, मळणं वाढलं की ग्लुटेन ताठतं आणि पानात पडतं ते रबर. लांब वळ्या करून तुकडे पाडायचे, एकेक तुकडा काट्यावरून अंगठ्याने घरंगळवायचा. एका बाजूला रेघा उठतात, दुसरीकडे खळगा पडतो, त्यात सॉस बसतो. मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडले की मिनिट-दोन मिनिटांत वर तरंगतात. झाऱ्याने काढा नि वाढा.

सगळं मिळून तासाभराचं काम. गोम तिथेच आहे. तो एक तास कुणालाच द्यायचा नाहीये.

उन्हाळ्यात सासू-सासरे आले होते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रसंग काय असतो ते सांगायला नको. पाहुणे शाकाहारी, रोज रोज उडप्याकडे जाऊन कंटाळलेले, मेक्सिकनमधला राजमा त्यांना घरचा बरा वाटतो, मग उरतं काय? इटालियन. गावोगावी एक तरी असतंच. पांढरे टेबलक्लॉथ, भिंतीवर व्हेनिसचं चित्र, वर सिनात्राची गाणी, आणि मेन्यूवर तिरक्या अक्षरांत ‘हाऊस-मेड पोटॅटो न्योकी’. सासूबाईंनी आधी विचारायला लावलं, यात अंडं आहे का? वेटर जागचा हललासुद्धा नाही, म्हणाला, अजिबात नाही. आत जाऊन विचारावं, एवढीही तसदी नाही. चीजसाठी दूध घट्ट करतात त्या रेनेटचं तर मी विचारलंच नाही. खरं पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने लावतात, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसणार.

आणि मग ते आलं.

अजस्र बाऊल. त्यात पांढरा, दाट, चकाकणारा सॉस, आणि आम्ही पाणी ओतून घेईस्तोवर त्याच्यावर साय धरली. खालून चमच्याने उकरून बघितलं तर एकूण एक न्योकी सारखी. एकाच मापाची, एकाच वजनाची, चहूबाजूंनी एकाच अंतरावर रेघा. खळगा एकीलाही नाही. अहो, हाताने केलेल्या चकल्यासुद्धा दोन सारख्या होत नाहीत! एक काट्याने कापायला गेले तर ती कापली जाईना, सटकली आणि टेबलक्लॉथवर जाऊन बसली. तोंडात घातली तर मागून एक आंबूस चव. ती चव मी ओळखते. हवाबंद पाकिटातली न्योकी महिनोन् महिने टिकावी म्हणून तिच्यात आम्ल घालतात, त्याची ती. त्या पाकिटात बहुतेक वेळा बटाटाही बटाटा नसतो, बटाट्याचे वाळवलेले फ्लेक्स असतात. सासरे बराच वेळ चावत होते. अकोल्याचा माणूस, उगाच नावं ठेवणार नाही. शेवटी म्हणाले, “वरणफळं कच्ची राहिली का गं यांची?”

मी वेटरला बोलावलं. म्हटलं, ही इथेच बनवता ना? हो मॅम, हाऊस-मेड. किती वाजता बनवता? गप्प. बटाटा कुठला वापरता? जरा इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, “म्हणजे, सॉस हाऊस-मेड आहे.”

सॉस हाऊस-मेड आहे! अरे, मग तसं लिहा की!

त्या पोरावर माझा राग नाही. कॉलेजचं पोर दिसत होतं. फेडरल कायद्यात टिपेवर राबणाऱ्या माणसाला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यायचे आहेत, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. न्यू जर्सीत थोडे जास्त मिळतात, पण पोट भरतं ते आपल्याच टिपेवर. त्याला जे पढवलं ते तो बोलला. माझा राग त्या मालकावर आहे ज्याने पौंडाला तीन-चार डॉलरचं पाकीट कापलं, गरम पाण्यात उलटं केलं आणि ‘घरी केलेलं’ म्हणून माझ्या म्हाताऱ्या सासऱ्यांच्या दातांखाली ढकललं. पाकिटाबद्दलही माझं काही म्हणणं नाही. मंगळवारी संध्याकाळी दमून आले की मीच तव्यावर लोण्यात लालसर परतते, वर मिरपूड, मुलं आवडीने खातात. पण ते मी कुणाला २७ डॉलरला विकत नाही.

आता क्रीम. गोर्गोंझोला चीजचा दाट सॉस उत्तर इटलीतही न्योकीवर घालतात, आणि छान लागतो. इथलं क्रीम मात्र चवीसाठी नसतंच, ते झाकण्यासाठी असतं. बिचाऱ्या अल्फ्रेदो सॉसचंच बघा. रोममधल्या अल्फ्रेदो दी लेल्योने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फेत्तुचिनेवर, म्हणजे लांब पट्ट्यांच्या पास्त्यावर, घातलं ते लोणी आणि पार्मिजानो, बस्स. पास्त्याच्या गरम पाण्यात ते दोन्ही मिळून येतं आणि सॉस आपोआप होतो. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स ही हॉलिवूडची जोडी त्यावर इतकी खूश झाली की त्यांनी त्याला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. त्यात थेंबभर क्रीम नव्हतं. अमेरिकेत पोचेपर्यंत त्याचं झालं क्रीम, कॉर्नस्टार्च, लसणाची पावडर आणि वर ग्रिल केलेल्या चिकनच्या पट्ट्या. न्योकीच्या खालीही तेच छापलेलं असतं: ॲड चिकन ८, ॲड श्रिम्प १२. बटाट्याच्या गोळ्यांवर कोंबडी! इटलीत न्योकी हा जेवणातला पहिला पदार्थ, बेताच्या वाढणीचा. मांस-मच्छी नंतर, वेगळ्या ताटलीत. इथे सगळं एकाच बाऊलमध्ये, आणि तो रिकामा झाला नाही की उरलेलं घरी न्यायला खोका.

आणि ते ट्रफल, जमिनीखाली उगवणारी ती महागडी बुरशी! जुलै महिन्यात ‘व्हाइट ट्रफल न्योकी’, ३४ डॉलर. अल्बाचं पांढरं ट्रफल निघतं शरद ऋतूत, फार तर हिवाळ्याच्या तोंडापर्यंत. जुलैत जे नाकात घुसतं ते बहुतेक वेळा बाटलीतलं तेल असतं, आणि त्या तेलातला वास २,४-डायथायापेंटेन नावाच्या रसायनाचा, कारखान्यात केलेला. दोन टेबलं सोडून कुणी मागवलं तरी आपल्या पाण्याला तो वास येतो.

मग शेवटी तो किसणीवाला सोहळा. “चीज? पुरे झालं की सांगा.” काय सांगू? आधी ते कसलं चीज आहे ते तर सांग. युरोपात पार्मेजान म्हणायचं तर ते पार्मिजानो रेज्जानोच असावं लागतं, किमान १२ महिने मुरवलेलं, ठरलेल्या मुलखातलं. इथे ते नाव कुणीही लावावं. २०१६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका चीज कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला, शंभर टक्के पार्मेजान म्हणून विकलेल्या चुऱ्यात स्विस, चेडर असली स्वस्तातली चीजं आणि सेल्युलोज होतं म्हणून. सेल्युलोज म्हणजे लाकडाचा लगदा करतात ना, त्यातलं. घाल बाबा, घाल, थांबू नकोस.

कुणीतरी लगेच येऊन मला शिकवणार, की हे इटालियन नाहीच, इटालियन-अमेरिकन आहे, वेगळी परंपरा आहे. माहितीये मला. साधारण १८८० ते १९२४ या काळात चाळीसेक लाख माणसं इटलीतून इकडे आली. बहुतेक दक्षिणेतली, सिसिलीची, कालाब्रियाची, नेपल्सकडची, पोटासाठी बाहेर पडलेली. तिकडे मांस सणासुदीला दिसायचं, इथे परवडायला लागलं, म्हणून मीटबॉल फुगले आणि पार्मिजाना या पदार्थात वांग्याच्या जागी कोंबडी आली. त्या स्वयंपाकाला मी हात जोडते. ब्रॉन्क्समधल्या आर्थर ॲव्हेन्यूवर आजही ताजा पास्ता करून विकणारी दुकानं आहेत, बॉस्टनच्या नॉर्थ एंडला आहेत. त्या लोकांच्या आज्यांनी खपून जो पदार्थ जगवला, त्याच आज्यांचे कृष्णधवल फोटो भिंतीवर लावून हे आत पाकिटं कापतात, याची मला चीड आहे.

हीच माणसं अर्जेंटिनालाही गेली होती. तिथे दर महिन्याच्या २९ तारखेला घरोघरी न्योकी करतात, ताटाखाली एक नोट ठेवतात, पुढच्या महिन्यात बरकत यावी म्हणून. पगार संपलेला, पुढचा अजून यायचा, अशा दिवशीचं बटाट्या-मैद्याचं जेवण. रोममध्ये न्योकीचा वार गुरुवार. व्हेरोनाच्या कार्निव्हलमध्ये तर न्योकीबाबा असतो, लांब दाढीचा, हातातल्या भल्याथोरल्या काट्याला न्योकी टोचलेली, सगळ्या गावाला न्योकी वाटत फिरतो. गरिबाचं, पोटभरीचं खाणं. त्याला श्रीमंतांचा भाव लावलात, हरकत नाही, भाडी वाढलीत, पगार वाढलेत, सगळं कबूल. न्यू जर्सीत तीन हजार वस्तीमागे एकच दारूचा परवाना, त्यामुळे निम्म्या ठिकाणी वाइन आपणच न्यायची आणि मालकाला जेवणावरच सगळं काढावं लागतं, हेही कबूल. पण मग बटाटा तरी उकडा!

आणि आपले लोक. आपल्या लोकांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. “छान क्रीमी होतं गं, आणि क्वांटिटी केवढी! उद्याच्या डब्याचं काम झालं.” हे परीक्षण. वरून चिली फ्लेक्सच्या चार पुड्या ओतल्या की झालं, खाली न्योकी आहे की इरेझर, कुणाला कळतंय. मग पाच तारे, ‘ह्यूज पोर्शन्स’, ‘स्टाफ इज सो स्वीट’. त्या जागेचं रेटिंग ४.६ आहे. चार पूर्णांक सहा! तो मालक सुधारेल कशाला? मी बोलले तर नवरा टेबलाखालून पाय दाबतो, “अगं, जाऊ दे ना, आई-बाबांसमोर कशाला.” आई-बाबांसमोर नको तर कुणासमोर? खाल्लं त्यांनीच ना?

बिल आलं तर त्या यंत्रावर टिपेचे पर्याय २०, २२ आणि २५ टक्के, आणि तेही टॅक्स धरून काढलेले. खाली बारीक अक्षरांत कार्डाने पैसे दिल्याबद्दल ३ टक्के. पोराकडे बघून २२ दाबले. खोका द्यायला तो विसरला नाही. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर सॉसचं तेल सुटून वेगळं झालं आणि न्योकीचा एकच गठ्ठा. सासूबाई कधी अन्न टाकत नाहीत. त्यांनी टाकलं.

शनिवारी मैत्रिणीच्या मुलाचा वाढदिवस आहे. त्याच जागी. चौदा जणांचं टेबल, ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, बिलात आधीच लावलेली. सकाळी ग्रुपवर तिचा मेसेज आला: तिथली न्योकी बेस्ट आहे, मी चार प्लेट आधीच सांगून ठेवल्यात.