एरंडेल, तांब्याभर पाणी आणि अडकलेलं आतडं

"आतडं अडकलं तर घाबरू नका. दोन चमचे एरंडेल आणि वर तांब्याभर कोमट पाणी घ्या, सगळं खाली सरकतं. पोट फुगतं ते निव्वळ गॅसमुळे. पोटात पाणी असताना सलाईन कशाला? नाकात नळी घालणं हा बिल वाढवायचा धंदा. एकदा शौचाला झालं की अडथळा नाहीच समजा."

हा मजकूर आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला. खाली सहा जणांचे नमस्कार. आत्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन पूर्वी झालंय, म्हणजे आतडी चिकटून अडथळा येण्याचा धोका तिलाच जास्त. म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

आधी एरंडेल-पाणी, कारण जीव जाईल तो यातच. लिहिणाऱ्याला आतडं म्हणजे तुंबलेली मोरी वाटते. पण मोरीला स्वतःचं पाणी सुटत नाही, आतड्याला सुटतं. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा स्वतःचा रस आणि आपण पितो ते, असा दिवसाला 8-9 लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो. एरवी जवळजवळ सगळा परत शोषला जातो. शौचावाटे जातो तो जेमतेम 100-200 मिली. अडथळा आला की त्याच्या वरचा भाग फुगतो, ताणला जातो आणि शोषण मंदावतं. पुढे गाडी उलटीच फिरते, शरीरातलं पाणी आतड्यात झिरपायला लागतं. रॉब शील्ड्स या ब्रिटिश सर्जनने 1965 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे मोजून दाखवलंय: आधी शोषण घटतं, मग स्राव वाढतो. स्राव वाढला की ताण वाढतो, ताण वाढला की आणखी स्राव. मग भिंतीतल्या शिरा दाबल्या जातात, भिंत सुजते, आणि रक्त पोचेनासं झालं की आतडं काळं पडतं. अशा पोटात वरून आणखी तांब्याभर पाणी ओतायचं? एरंडेल तर आतड्याला जोरजोरात आवळायला लावतं. साध्या बद्धकोष्ठाला ते लागू पडतं, नाकारत नाही. पण पुढची वाटच बंद असेल तर आवळून माल जाणार कुठे? कळा वाढतील, उलटी होईल, ती श्वासनलिकेत गेली तर फुप्फुसाचं नवं दुखणं.

"पोटात पाणी आहेच की." आहे ना, पण ते रक्तातून निघून गेलेलं पाणी आहे! म्हणून तर पोट टम्म आणि जीभ कोरडी, नाडी धावतेय, लघवी आटलेली. ती तूट तोंडाने भरता येत नाही, शिरेतूनच भरावी लागते.

गॅसचं म्हणणं, चला, अर्धं खरं. सुरुवातीच्या फुगण्यात वायूच जास्त, आणि तोही बराचसा गिळलेल्या हवेचा. पण हे ज्यांनी ठासून मांडलं त्या अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या सर्जन ओवेन वॅंगनस्टीन यांनीच 1930 च्या दशकात नाकातल्या नळीने ती हवा आणि द्रव ओढून काढण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे फॉरवर्डचाच मुद्दा धरला तरी नळी हवीच. ताण उतरला की वरचं दुष्टचक्रही ढिलं पडतं. आतडी चिकटून आलेले बरेच अडथळे नुसती नळी, सलाईन आणि तोंडाने खाणंपिणं बंद यावरच सुटतात, ऑपरेशन लागत नाही. मात्र ते सर्जनच्या नजरेखाली, कारण रक्तपुरवठा तुटल्याची चिन्हं दिसली तर थांबायला वेळ नसतो.

शौचाचं? अडथळ्याच्या खाली आधीचं जे साठलेलं असतं ते बाहेर पडतंच. त्यावरून वरची वाट मोकळी आहे असं ठरत नाही.

तेव्हा थांबून थांबून येणाऱ्या कळा, उलट्या (हिरवट असतील तर जास्तच काळजी), फुगलेलं पोट आणि वायू सरणं बंद, असं दिसलं तर तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, आणि जिथे सर्जन आहे अशा दवाखान्यात न्या. रात्रीचे दोन वाजले असले तरी.