टांगा म्हणा की सरळ!

काल सकाळी सीएसएमटी स्लो लोकलमध्ये माझी जाहीर तोंडी परीक्षा झाली. अर्ज मी भरला नव्हता आणि परीक्षक ओळखीचे नव्हते. निकाल मात्र अख्ख्या डब्याने ऐकला.

मी फोर्थ सीटवर अर्धं बूड टेकवून वही वाचत होतो. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत अडलेले शब्द मी तिच्यात उतरवतो. सध्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' चालू आहे. १८१३ सालचं पुस्तक, अडायला भरपूर वाव. शेजारच्या काकांनी आधी मान तिरकी करून वाचलं, मग चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि मग सरळ वहीच काढून घेतली.

"कुठली परीक्षा?"

"परीक्षा नाही, असंच."

"बँकेची?"

"नाही हो."

"मग आयईएलटीएस. कॅनडा ना?"

"आवड म्हणून करतो, काका."

"या वयात?" असं म्हणून त्यांनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली आणि पानावर बोट ठेवलं. "हे काय, शेज?"

"घोडागाडी. बंद असते, चार चाकी."

"फेटन?"

"ती पण घोडागाडीच. उघडी, हलकी. स्वतः हाकायची."

"बरूश?"

"घोडागाडी. समोरासमोर बसायचं, मागच्या सीटवर घडीचं छत."

"गिग?"

"दोन चाकं, एक घोडा." मी आवाज खाली आणला. "घोडागाडी."

दारात लटकलेल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी वही मिटली. "अहो, मग टांगा म्हणा की सरळ! एवढे शब्द कशाला?"

खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं, पण माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, काका, त्या पुस्तकात गाडीवरूनच माणसाची किंमत ठरते. चार घोड्यांच्या शेजमधून एक अविवाहित तरुण गावात येतो, वर्षाला चार-पाच हजार पौंड उत्पन्न, आणि पाच मुलींच्या आईचा जीव तेवढ्यावरच हरखतो. उलट या बाईंच्या स्वतःच्या घरी गाडीचे घोडे शेतावर जुंपलेले, म्हणून थोरलीला पावसाचं घोड्यावर बसवून पाठवतात. लेखिकेने नुसतं 'गाडी' लिहिलं असतं तर ही सगळी गंमत गेली असती.

काका खुलले. मला वाटलं, पटलं. "म्हणजे स्थळ बघताना गाडी कुठली ते विचारतात, तसंच ना? आमच्या पुतणीच्या वेळी मुलाकडचे एसयूव्हीतून आले. नंतर कळलं, मेव्हण्याची होती! हे आमच्याकडे घरोघरी चालतं. त्यासाठी इंग्रजी पुस्तक कशाला पाहिजे?" यावर डब्यात जो हशा पिकला तो मुलुंडपर्यंत ओसरला नाही. मी पण हसलो. दात दाखवण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

पण राग आलाय, आणि अजून गेलेला नाही. पैसे भरून भल्या पहाटे मॅरेथॉन धावणाऱ्याला कुणी विचारत नाही की पुढे काय, पोलिसात भरती होणार का? शनिवारी रात्रीची झोप मोडून गड चढणाऱ्याचं तर कौतुक होतं. शब्द शिकणाऱ्याने मात्र हॉल तिकीट दाखवायचं. मोल्सवर्थ नावाचा कंपनी सरकारच्या लष्करातला साहेब इथे आला आणि आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडचे शब्द, शिव्यांसकट, टिपत बसला. १८३१ साली कोश छापला, १८५७ साली वाढवून पुन्हा छापला. आजही कुठला जुना मराठी शब्द अडला की आपण त्याच्याच दारात उभे राहतो. त्यालाही कुणीतरी विचारलं असेल, "कुठली परीक्षा, साहेब?" फरक एवढाच की साहेबाची वही कुणी हिसकावून घेतली नसेल.

ऑफिसातही निराळं नाही. माझ्या एका ईमेलमधला एक बरा, वजनदार शब्द साहेबांनी "क्लायंटला कळणार नाही" म्हणून खोडला आणि तिथे 'डू द नीडफुल' घातलं. ते मात्र क्लायंटला म्हणे लगेच कळतं. या दोन इयत्तांच्या इंग्रजीवर माणसाने निवृत्त व्हायचं.

काका मुलुंडला उतरले. उतरताना वही परत दिली आणि खांद्यावर थोपटून म्हणाले, "करा, करा. काहीतरी करत राहावं." खिडकीतल्या ग्रुपने तेवढ्यात माझं बारसं उरकलं होतं. आज सकाळी चढलो तर आतून आवाज, "ओ टांगेवाले, घोडा बाहेर बांधा, आत जागा नाही!"

आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. नायक आपल्या बहिणीला घेऊन ज्यातून येतो ती करिकल पुढच्याच पानावर होती. दोन चाकं, शेजारी शेजारी जुंपलेले दोन घोडे. सगळ्यांत चोख पाठ होती, आणि नेमकी तीच काकांनी विचारली नाही.