डॉल्बींनी दणदणाट शोधला नव्हता

गणपती जवळ आले की आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं छाती हादरवणारा आवाज पहिल्यांदा काढला, म्हणून त्या बॉक्सना डॉल्बी म्हणतात. भारताशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि कायद्यानं बंदी आहे ती फक्त डॉल्बीवर, बाकी काहीही कितीही वाजवा.

अर्ध्या आयुष्यात मी शेकडो टेपरेकॉर्डर उघडलेत. म्हणून हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, छाती हादरवण्याचा. रे डॉल्बी अमेरिकन होते आणि इंजिनिअर होते, एवढंच त्यात खरं. त्यांनी आवाज वाढवला नाही, खरखर घालवली. कोरी टेप वाजवली तरी 'स्स्स' असा आवाज येतो, तो टेपवरच्या चुंबकीय कणांचा. कॅसेटमध्ये तो जास्तच, कारण फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद आणि सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. गाणं जोरात असेल तेव्हा खरखर झाकून जाते, हळू जागा आली की उघडी पडते. डॉल्बींनी नेमकं हेच पकडलं. भरताना फक्त हळू आणि बारीक आवाज उचलून भरायचे, वाजवताना तेवढेच खाली आणायचे. गाणं आपल्या मूळ जागी येतं. खरखर मात्र मधेच शिरलेली, ती त्याच्यासोबत खाली दबते. घरगुती यंत्रांसाठी १९६८ साली आलेल्या 'बी' प्रकारात ती साधारण १० डेसिबलनं कमी व्हायची.

वडिलांनी आमच्या गल्लीतल्या भजनाची एक कॅसेट डॉल्बीचं बटण दाबून भरली होती. अभंग संपतो, टाळ थांबतात, आणि पितळेचा नाद बारीक होत होत विरतो. त्यानंतर बुवा पुढच्या अभंगासाठी श्वास घेतात, तोही ऐकू येतो. साध्या रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं खरखरीत बुडालं असतं. पुष्कळ लोक मात्र बटण न दाबता भरलेली कॅसेट बटण दाबून ऐकायचे आणि आवाज दबका येतो म्हणून मशीन घेऊन माझ्याकडं यायचे. मशीन धडधाकट असायचं. भरताना उचललंच नव्हतं, तर वाजवताना खाली आणून टाळ मुके होणारच!

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले प्लायवूडचे बेस आणि टॉप, म्हणजे खालच्या आणि वरच्या पट्टीचे स्पीकर, या माणसानं बनवले नाहीत, त्याच्या कंपनीनंही नाहीत. थिएटरबाहेर 'डॉल्बी साउंड'च्या पाट्या झळकल्या आणि मोठ्या आवाजाला ते नाव चिकटलं, असा माझा अंदाज.

दुसरा मुद्दा भारताचा. केंब्रिजमधून पीएचडी घेतल्यावर १९६३ ते १९६५ हा काळ डॉल्बी भारतात होते. युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत त्यांनी काम केलं. इथून ते लंडनला गेले आणि त्याच १९६५ साली त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. काडीचा संबंध नाही म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षं कुठं ठेवायची ते सांगावं.

तिसरा मुद्दा कायद्याचा, आणि यात खरा धोका आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत मोजमाप आहे डेसिबलचं. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. ही मर्यादा ओलांडणारा आवाज कशातून येतो, याला महत्त्व नाही. कोल्हापूरच्या महाद्वार रोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर आवाज भिंतींवर आपटून परत येतो, मग तो बेसचा असो की पन्नास ढोलांचा. 'आमच्याकडं डॉल्बी नाही' एवढ्यानं वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसाला झोप लागत नाही. मिरवणुकीत नाचायला मलाही आवडतं, पण त्या माणसाचा विचार आधी व्हायला हवा.

रे डॉल्बी १२ सप्टेंबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत वारले. तेव्हा आपल्याकडं गणपती बसले होते. त्या आठवड्यात कोल्हापुरात त्यांचं नाव दिवसातून कितीदा तरी घेतलं गेलं असेल. त्यांच्यासाठी म्हणून कुणी घेतलं असेल, असं वाटत नाही.

यंदा मंडळाचा परवानगीचा अर्ज माझ्याकडं लिहायला आला. 'डॉल्बी' शब्द खोडून मी 'ध्वनियंत्रणा, दोन बेस, दोन टॉप' असं लिहिलं. पोरांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना घरी नेऊन ती भजनाची कॅसेट लावली.