विधेयक ‘मांडलं’ एवढ्यावर घाबरू नका, मंडळी

‘अमेरिकेच्या संसदेत विधेयक सादर, भारतीयांना मोठा फटका!’ असा मथळा दिसला की मी आधी चहा संपवतो, मग वाचतो. कारण तिथे विधेयक सादर करायला लागतं काय? हाऊसमध्ये, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहात, क्लार्कच्या टेबलाशी एक लाकडी पेटी असते. ४३५ पैकी कुणीही सदस्य उठतो, कागद त्या पेटीत टाकतो, नंबर पडतो, झालं सादर. संसदेच्या दर दोन वर्षांच्या कार्यकाळात दोन्ही सभागृहांत मिळून दहा हजारांच्या वर विधेयकं येतात आणि कायदे होतात काहीशे. उरलेली कमिटीत जातात आणि तिथेच मुक्काम ठोकतात.

आपला घोटाळा कुठे होतो, तर आपण दिल्लीच्या चष्म्यातून बघतो. आपल्याकडे मंत्र्याने विधेयक आणलं म्हणजे ते मंजूर होणार हे जवळपास ठरलेलं असतं. बहुमत सरकारचं, वर पक्षाचा व्हिप. व्हिप म्हणजे काय हे तर २०२२ नंतर महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालंय. अमेरिकेतही व्हिप असतात, पण ते मोडले म्हणून कुणाची खासदारकी जात नाही. शिवाय सरकारी विधेयक ही भानगडच नाही. खुद्द राष्ट्राध्यक्षांना काही हवं असेल तर त्यांनाही एखादा सदस्य गाठून त्याच्या नावाने ते मांडावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की विधेयकात काय लिहिलंय आणि त्याला किती जणांचा पाठिंबा आहे, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा, की ते कोणत्या वाटेने चाललंय आणि त्या वाटेवर त्याला अडवू शकणारे किती जण बसलेत?

ग्रीनकार्डचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचं, उदाहरण घ्या, कारण ते आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं आहे. नोकरीवर आधारलेली ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला जास्तीत जास्त ७ टक्के, हे गणित १९९० च्या कायद्याचं. आइसलँडलाही ७ टक्के आणि भारतालाही ७ टक्के. परिणाम ठाऊकच आहे. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये आपली पोरं वर्षानुवर्षं रांगेत आहेत. घर घेतलं, मुलं तिथेच जन्मली, पण नोकरी बदलायची तर छातीत धस्स होतं.

ही देशवार मर्यादा काढायचं विधेयक २०११ मध्ये हाऊसने ३८९ विरुद्ध १५ अशा मतांनी मंजूर केलं. पंधरा! एवढं एकमत आपल्या गृहनिर्माण सोसायटीत पाण्याच्या टाकीवरही होत नाही. पुढे सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, आयोवाच्या चार्ल्स ग्रासली यांनी ते रोखून धरलं. काही महिन्यांनी त्यांनी हरकत मागेही घेतली, पण तोवर वारा पडला होता. कार्यकाळ संपला, विधेयक मेलं.

२०१९ मध्ये परत तोच खेळ. हाऊसमध्ये ३६५ विरुद्ध ६५, दोन्ही पक्षांची मतं. सिनेटमध्ये मात्र ते ‘सर्वांच्या संमतीने’ नेण्याचा प्रयत्न झाला. ही पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. सभागृह बहुतेक वेळा ओस पडलेलं असतं, मोजकी माणसं समोर. एक सिनेटर उठून म्हणतो, हे विधेयक संमत करावं अशी विनंती. अध्यक्षस्थानी बसलेला विचारतो, कुणाची हरकत? कुणीच बोललं नाही तर झालं मंजूर, मतमोजणीसुद्धा नाही. पण एकाने जरी ‘हरकत आहे’ म्हटलं, तर तो दिवस वाया. आधी केंटकीचे रँड पॉल आडवे आले, त्यांना नर्सेससाठी वेगळी तरतूद हवी होती. मग जॉर्जियाचे डेव्हिड पर्ड्यू. ते बाजूला झाले तर इलिनॉयचे डिक डर्बिन उभे. डर्बिन यांचा मुद्दा काही चुकीचा नव्हता. एकूण कार्डं वाढवल्याशिवाय मर्यादा काढली तर भारतीयांची रांग पुढे सरकेल आणि बाकीच्या देशांची मागे ढकलली जाईल, असं ते म्हणत होते. पटो न पटो, एका माणसाची हरकत तिथे पुरते.

शेवटी २ डिसेंबर २०२० ला सिनेटने ते मंजूर केलं. इकडे पेढे वाटले गेले असतील. पण मधल्या वाटाघाटींत मजकूर बदलला होता, चिनी कम्युनिस्ट पक्षाशी संबंधित लोकांना रोखणारं कलम आत आलं होतं. दोन्ही सभागृहांनी अक्षरशः एकच मजकूर मंजूर केला तरच ते राष्ट्राध्यक्षांकडे सहीला जातं. हाऊसचं वेगळं, सिनेटचं वेगळं, आणि जुळवाजुळवीला उरला होता एक महिना. ३ जानेवारी २०२१ ला कार्यकाळ संपला. पुन्हा शून्यातून सुरुवात. आपल्याकडे राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी जगतं. तिथे सगळं पुसलं जातं.

आता ‘मग हरकत धुडकावून सरळ मतदान का घेत नाहीत?’ तर सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानाकडे जायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. राज्यघटनेत हे कुठेही नाही, सिनेटचा स्वतःचा नियम आहे. चर्चा थांबवण्याची तरतूदच मुळात १९१७ मध्ये आली, तीही दोन-तृतीयांश मतांची. १९७५ मध्ये ती ६० वर आणली. पूर्वी अडवणारा निदान उभा राहून घसा कोरडा करायचा. १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले होते (विधेयक तरीही मंजूर झालं). आता नुसतं ‘आम्ही अडवू’ म्हटलं तरी भागतं. मला हा शुद्ध आळशीपणा वाटतो. अडवायचं तर उभं राहून अडवा की!

पण एक चोरवाट आहे. कर आणि खर्चाशी निगडित बजेटचं विधेयक १९७४ च्या कायद्याने साध्या बहुमतावर नेता येतं. मग प्रत्येक जण आपलं बोचकं त्या एकाच एसटीच्या टपावर टाकायला धावतो. २०२५ च्या उन्हाळ्यात ट्रम्प यांचं ते अवाढव्य विधेयक आठवतंय? परदेशी पैसे पाठवण्यावरचा कर त्यातच बसून आला. सुरुवातीला ५ टक्के. हाऊसने २१५ विरुद्ध २१४ ने मंजूर केलं तेव्हा ३.५ टक्के. सिनेटमधून बाहेर पडेपर्यंत १ टक्का, आणि तोही रोख किंवा मनीऑर्डरसारख्या मार्गांवर. बँक खात्यातून पाठवलेले पैसे सुटले.

सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सचे नेते चक शूमर यांनी हट्ट धरला की संपूर्ण विधेयक मोठ्याने वाचा. ९४० पानं! क्लार्क मंडळी आळीपाळीने रात्रभर वाचत होती, जवळजवळ सोळा तास. ऐकायला कोण होतं म्हणता? फारसं कुणी नाही. शेवटी ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने ते पार पडलं. हाऊसनेही तोच मजकूर मंजूर केला, ४ जुलैला सही. ३८९ मतं मिळालेलं विधेयक मेलं आणि एका मताने तरलेलं कायदा झालं, यातच काय ते आलं.

आता सप्टेंबर २०२५ मध्ये ज्याने हिंजवडीची झोप उडवली त्या विधेयकाकडे बघा. ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो, परदेशातून करून घेतलेल्या कामाच्या पैशावर २५ टक्के कर. गंमत अशी की महसूल उभारणारं विधेयक हाऊसमध्येच सुरू व्हायला हवं, हे घटनेतच लिहिलंय. म्हणजे सिनेटमध्ये मांडलेला हा कर एकट्याच्या बळावर कुठेही पोचत नाही. हेच कलम उद्या बजेटच्या विधेयकात दिसलं तर मात्र मीही चहा टाकून वाचायला बसेन.

त्याच महिन्यात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी लागली. त्याला ना लाकडी पेटी लागली, ना कमिटी, ना ६० मतं. १९ सप्टेंबरला शुक्रवारी राष्ट्राध्यक्षांची घोषणा, २१ पासून अंमल. परदेशी लोकांच्या प्रवेशावर बंधनं घालायचा अधिकार संसदेनेच १९५२ च्या कायद्यात राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिलाय, त्याच्याच आधारावर. आणि तो काढून घ्यायचा तर विधेयक लागणार, वर राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं.